फियाट ११००डी: पॉइंट ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू?

शनवारातली_फियाट

नमस्कार मंडळी. गाडी १९६९ ची फियाट ११००डी. डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) आणि त्याचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआउट मूळचेच आहेत, अल्टरनेटर बसवलेला नाही. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, लुकास छापाचा. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवरचा कागद कधीच गेलाय, त्यामुळे ती कुठली ते कळत नाही. गाडी रोज निघत नाही. रविवारी सकाळी शहरात एक फेरी आणि महिन्यातून एकदा वाई किंवा मुळशी.

दुखणं असं. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच, त्याचा उघडल्यावरचा गाळा ०.४० मिमीवर लावला की गाडी सुरेख चालते. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की गाळा ०.२५ च्या आसपास येतो. मग स्वारगेटच्या सिग्नलला उभी असताना मिसिंग सुरू होतं आणि कात्रजचा जुना घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते. दीड वर्षात पॉइंटचे तीन सेट झाले, दर वेळी पॉइंटमधली ठिणगी शोषणारा कंडेन्सरही बदलला. काढलेल्या पॉइंटचे तोंड निळसर-काळं दिसतं.

फिटर म्हणतोय, पॉइंट काढून टाका, बाहेरून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवा, विषय संपला. माझे प्रश्न तीन: किटने हे खरंच थांबेल का? डायनामोच्या गाडीत किट टिकतं का? आणि गाडी मूळ स्वरूपात ठेवायची आहे, त्याला बाधा येते का?

डेल्कोवाला

किट मागवण्याआधी हुड उघडा, कारण तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच वाक्यात सांगितली आहेत.

पहिलं, गाळा कमी होणं. पॉइंट जळाल्याने गाळा ०.४० वरून ०.२५ वर येत नाही. हलत्या पॉइंटची टाच, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या चार कंगोऱ्यांच्या कॅमवर घासणारा तो फायबरचा तुकडा, झिजली की गाळा कमी होतो. चांगल्या पॉइंटला साधारण पाच हजार किलोमीटरला एकदा तपासणं पुरतं. तीनशेला टाच संपत असेल तर तीन कारणं शक्य आहेत: कॅमवर ग्रीस नाही, कॅम गंजून खरबरीत झालाय, किंवा पॉइंटच हलक्या मालाचे आहेत. कॅमच्या चारही कंगोऱ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर कॅम १००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून गुळगुळीत करा. पेपर लावताना पॉइंट काढून ठेवा आणि नंतर सगळं पेट्रोलने धुवा. मग काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकंच, उष्णता सोसणारं ग्रीस कॅमला लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि तिथे जळून काळा थर धरतं. रोटर काढल्यावर मधोमध जो स्क्रू दिसतो त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब, ठिणगीची वेळ वेगाप्रमाणे पुढे सरकवणाऱ्या वजनांच्या पिनांना एकेक.

गाळा कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. कात्रजला धाप लागते ती त्यामुळे. शिवाय पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहतात आणि कॉइल तापते.

दुसरं दुखणं, निळसर-काळं तोंड. नीट चालणाऱ्या पॉइंटचं तोंड राखाडी, धुरकट काचेसारखं दिसतं. निळं पडलं म्हणजे करंट जास्त वाहतोय किंवा कंडेन्सर गेलाय. काळं म्हणजे तेल-ग्रीस. ओळखायची सोपी रीत: संध्याकाळी अंधारात डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या जागी आणा, किल्ली ऑन करा आणि इन्सुलेट मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने हलता पॉइंट हळूच उघडा. बारीक, निळा, जेमतेम दिसणारा टिपका उडाला तर कंडेन्सर ठीक. जाड, पिवळट, चटचट आवाज करणारी ठिणगी असेल तर कंडेन्सर संपला. कंडेन्सर मीटरवर ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड दाखवायला हवा. हल्लीचे काही नवे कंडेन्सर थंड असताना बरोबर आकडा दाखवतात आणि वीस मिनिटं तापले की दगा देतात. म्हणून नवा आहे म्हणून तो बरा, असं धरू नका.

आता कॉइल. दोन्ही वायरी काढा आणि प्लस-मायनसमध्ये मीटरने ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा ०.२-०.३ वजा करा. साध्या १२ व्होल्ट कॉइलला सुमारे ३ ओहम यायला हवेत. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आवरणाऱ्या बाहेरच्या रोधकासोबत) वापरायची कॉइल आहे. तुमच्या गाडीत बॅलास्ट नसेल तर करंट दुपटीच्या जवळ जातो आणि कुठलाही पॉइंट निळा पडतो. मला संशय याचाच जास्त आहे.

आणि बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. रोटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. मग चारही कंगोऱ्यांवर गाळा वेगवेगळा मोजून लिहा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर शाफ्ट डगमगतोय किंवा कॅम एका बाजूने खाल्लाय. डगमगणाऱ्या शाफ्टवर पॉइंटही नीट चालणार नाहीत आणि किटही. हे चार आकडे इथे टाका, मग पुढे बोलू.

बारा_व्होल्ट

डेल्कोवाल्यांनी सांगितलेली तपासणी करायलाच हवी. पण मी इलेक्ट्रॉनिकच्या बाजूचा आहे आणि त्याची कारणं सांगतो.

किट म्हणजे काही जादू नाही. पॉइंट हा एक स्विच आहे. त्याच्या जागी चुंबकाची कडी आणि सेन्सर येतो, बाकी कॉइल, रोटर, झाकण, वजनं, व्हॅक्यूम सगळं तेच. फायदा एकच, पण मोठा: घासणारं काही उरत नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग हलत नाही. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर पॉइंटवर पावसाळ्यात धरणारा तो पातळ ऑक्साइडचा थरही नाही. पुण्याच्या जुलै-ऑगस्टनंतर गाडी काढताना हा फरक कळतो.

ठिणगी मात्र आपोआप मोठी होत नाही. हिशोब करून पाहा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० ठिणग्या टाकतं, म्हणजे सेकंदाला १००. दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद. पॉइंटचा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ९० अंशांत ६० असेल तर कॉइलला भरायला पावणेसात मिलिसेकंद मिळतात. साध्या कॉइलला तेवढे पुरतात. ५००० ला हाच वेळ ४ मिलिसेकंदांवर येतो आणि तिथे ठिणगी थोडी मंदावते. पण ही फियाट ५००० ला कोण पळवतंय? म्हणून "किट बसवल्यावर पिकअप वाढला" असं कोणी सांगितलं तर त्याचा अर्थ इतकाच, की आधीचे पॉइंट चुकीचे लावलेले होते.

डायनामोचं उत्तर: टिकतं, पण अटी आहेत. डायनामो आयडलिंगला चार्ज करत नाही. रात्री सिग्नलला दिवे लावून उभं राहिलं की सगळा भार बॅटरीवर. सेल्फ मारताना व्होल्टेज ८-९ च्या खाली गेलं तर काही मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) गप्प बसतात, पॉइंट मात्र तेवढ्यावरही ठिणगी देतात. त्यामुळे बॅटरी धडधाकट हवी. रेग्युलेटर चिकटून व्होल्टेज १६ वर जात असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर मॉड्यूल जाईल.

मॉड्यूल मरण्याची कारणं बहुतेक ठरलेली. इंजिन बंद आणि किल्ली ऑन राहिली. बॅटरी उलटी जोडली. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नाही. किंवा तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी तशाच ठेवल्या. त्यांतून निघणारा रेडिओ गोंधळ सेन्सरला बिथरवतो. कार्बन वायरी घाला, किंवा तांब्याच्या वायरींना ५ किलोओहमचे रेझिस्टर प्लग कॅप लावा. आणि कॉइल किटच्या कागदावर लिहिलेल्या ओहमपेक्षा कमीची नको. चार सिलिंडरसाठी बहुतेक साध्या किटना ३ ओहम लागतात.

किट मागवताना गाडीचं नाव सांगू नका, डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर ठोकलेला मॉडेल नंबर सांगा. लुकासच्या २५डी मॉडेलचं किट ४५डी ला बसत नाही.

मुठा_किनारी

मूळ स्वरूपाच्या प्रश्नापुरतं. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी-चारचाकी मूळ स्वरूपात असेल, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल नसतील तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी नियमित वापरासाठी चालवता येत नाही, हे अर्ज करण्याआधी नीट वाचा. तुमची १९६९ ची आहे, वयाची अट पूर्ण होते.

झाकणाखाली बसणारं मॉड्यूल बाहेरून दिसत नाही आणि चार स्क्रू काढले की परत जुनं. त्यासाठी बॉडीला भोक पाडू नका, मूळ वायरिंग कापू नका, काढलेली बेसप्लेट (पॉइंट जिच्यावर बसतात ती पाटी) तेलकट कापडात गुंडाळून ठेवा. पूर्ण नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घालणार असाल तर जुना विकू नका. नाना पेठेत नवे सुटे भाग मिळतील, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जुने, पण तुमच्या नंबरचा धड डिस्ट्रिब्युटर हातात यायला नशीब लागतं.

मधला मार्गही आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पॉइंट तसेच ठेवायचे आणि कॉइलचा करंट ट्रान्झिस्टरच्या छोट्या डबीतून न्यायचा. पॉइंटमधून चार ॲम्पिअरऐवजी पाव ॲम्पिअरच्या आसपास जातो, त्यामुळे तोंड जळत नाही. कंडेन्सर काढावा लागतो. डबी गेली तर कंडेन्सर परत लावून पॉइंटची वायर थेट कॉइलला जोडली की गाडी घरी येते. टाच झिजणं मात्र यात थांबत नाही, आणि तुमचं अर्धं दुखणं तेच आहे.

शनवारातली_फियाट

सर्वांचे आभार. आज सकाळी मोजलं.

कॉइल: पिनांचे ०.२ वजा करून १.६ ओहम. बॅलास्ट कुठेच नाही, वायर सरळ किल्लीपासून कॉइलवर येते.
बॅटरी १२.५ व्होल्ट. पॉइंट मिटलेले ठेवून किल्ली ऑन केली तर कॉइलच्या प्लसवर १०.६.
चार कंगोऱ्यांवर गाळा: ०.४०, ०.३८, ०.३१, ०.३६. शाफ्ट हाताला हलतो.
कॅम एका कंगोऱ्यावर खरबरीत आहे, तांबूस डाग आहे. ग्रीस नव्हतंच.
कंडेन्सर ०.२१.

डेल्कोवाला

मग सगळा उलगडा झाला. तुमचे तीन सेट पॉइंट वाईट नव्हते.

१.६ ओहमच्या कॉइलवर १०.६ व्होल्ट म्हणजे ६.६ ॲम्पिअर. पॉइंट साधारण चारवर चालायला बनलेले असतात. म्हणून तोंड निळं. आणि याच कॉइलवर किट लावलं असतं तर मॉड्यूल फार दिवस टिकलं नसतं, मग दोष किटला गेला असता.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी ३ ओहमची साधी १२ व्होल्ट कॉइल. विकत घेताना दुकानातच मीटर लावून मोजा. बाहेरून दोन्ही कॉइल सारख्याच दिसतात आणि गोंधळ तिथेच होतो.

मग डिस्ट्रिब्युटर खाली काढा. काढण्याआधी इंजिन एक नंबर सिलिंडरच्या टायमिंगच्या खुणेवर आणा, रोटरचं तोंड कुठे आहे ती खूण बॉडीवर करा, बॉडीची खूण ब्लॉकवर करा. फोटो काढलात तरी खुणा करा. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन फिरवू नका.

बुश टर्नरकडून करून घ्यायचा. सच्छिद्र ब्राँझचा बुश मिळाला तर तो बसवण्याआधी चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, तो तेल पितो आणि पुढे तेच शाफ्टला पुरवतो. टर्नरला शाफ्टही सोबत द्या, कारण झिजला असेल तर तोही. नुसता बुश नवा आणि शाफ्ट खाल्लेला असेल तर डगमग अर्धीच जाते. त्याच वेळी वजनं मोकळी हलतात का आणि स्प्रिंगा ढिल्या पडल्यात का पाहा. रोटर फिरण्याच्या दिशेने हाताने पिळून सोडला की तो चटकन परत यायला हवा. व्हॅक्यूमची डबी असेल तर नळीला तोंड लावून ओढा आणि जीभ टेकवा. बेसप्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. बेसप्लेटची ती विणलेली अर्थची बारीक वायरही पाहा. वर्षानुवर्षं हलून ती कापडाच्या आत तुटते आणि बाहेरून धड दिसते.

तुमचा ०.३१ चा कंगोरा बुशनंतर पुन्हा मोजा. तो तसाच राहिला तर कॅम खाल्लाय आणि मग मी स्वतःच किटकडे वळेन, कारण किटला कॅमचे कंगोरे लागत नाहीत, फक्त कडी पकडायला पुरतात.

पॉइंट लावताना: नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज धरू नये म्हणून लावलेला थर असतो, तो पेट्रोलने पुसा. फिलर गेजही पुसून घ्या. त्यावरचं तेल तोंडावर लागलं की गाडी सुरूच होत नाही आणि माणूस तासभर कॉइल-कंडेन्सर बदलत बसतो. सँडपेपर तोंडावर कधीच नको, त्याचे कण रुततात. लुकासला ०.३५ ते ०.४०. नवी टाच बसायला थोडी झिजते, म्हणून ०.४० वर लावा आणि पाचशे किलोमीटरला एकदा परत पाहा. ड्वेल मीटर असेल तर २५डी छापाला ६० अंश, तीन इकडे-तिकडे. वापरलेल्या पॉइंटवर फिलर गेज फसवतं, कारण एका तोंडावर उंचवटा आणि समोर खड्डा होतो. तिथे ड्वेलच खरा.

टायमिंगसाठी टेस्टर बल्ब कॉइलच्या मायनसला आणि दुसरं टोक अर्थला. किल्ली ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की लागतो. इंजिन सरळ दिशेने हाताने फिरवत खुणेवर आणा, बॉडी रोटरच्या उलट दिशेला हळूहळू फिरवा आणि बल्ब लागेल त्या क्षणी आवळा. अंश मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या. गाळा बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून आधी गाळा, मग टायमिंग. उलट केलं तर दोन्ही बिघडतं.

शनवारातली_फियाट

कॉइल आणि बुश दोन्ही करतो. पण १०.६ व्होल्टचं काय? ते कॉइल बदलल्यावर आपोआप सुधारेल का, की रिले लावू? आणि पुढे किट बसवलंच तर लाल वायर कुठे जोडायची?

बारा_व्होल्ट

थोडं सुधारेल, पुरतं नाही. १.९ व्होल्टची घट ६.६ ॲम्पिअरला आहे, म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंत जवळपास ०.२९ ओहम अडथळा बसलाय. ३ ओहमच्या कॉइलवर करंट ३.८ वर येईल, घट १.१ व्होल्टच्या आसपास राहील. मला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खपत नाही.

आधी प्रत्येक जोडावर मोजा: बॅटरीच्या प्लसवर मीटरची एक पिन ठेवून दुसरी क्रमाने फ्यूज, किल्लीचं येणं, किल्लीचं जाणं, कॉइल. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे काळवंडलेला जोड आहे. बहुतेक वेळा किल्लीचा स्विच किंवा त्याच्यामागची स्पेड पिन निघते. घासून, नवी पिन दाबून घट कमी झाली तर रिलेची गरज नाही.

स्विचच संपला असेल तर चार पिनी १२ व्होल्ट ३० ॲम्पिअरचा रिले. ८६ वर किल्लीची जुनी वायर, ८५ अर्थ, ३० वर बॅटरीपासून १० ॲम्पिअरच्या फ्यूजमधून जाड वायर, ८७ कॉइलच्या प्लसवर. रिले डॅशच्या मागे लपवता येतो आणि मूळ वायर कापावी लागत नाही.

किटची लाल वायर कॉइलच्या प्लसवर, काळी मायनसवर. बॅलास्ट असलेल्या गाडीत लाल वायर बॅलास्टच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टच्या बाजूला जाते. तुमच्याकडे बॅलास्ट नाही म्हणून प्रश्न नाही. कडी कॅमवर पूर्ण खाली दाबा, सेन्सरचा गाळा कागदावर लिहिला असेल तेवढाच, बहुतेकांत ०.७५ मिमीच्या जवळ असतो. मॉड्यूलखाली उष्णता नेणारी पेस्ट दिली असेल तर लावा. झाकण बसवण्याआधी रोटर हाताने फिरवून पाहा, कडीमुळे तो वर उचलला जाऊन झाकणाच्या पितळी खिळ्यांना घासत तर नाही ना. आणि टायमिंग पुन्हा स्ट्रोबने (टायमिंग पाहायच्या लुकलुकत्या दिव्याने) लावा, पॉइंटचं टायमिंग किटला चालत नाही.

डेल्कोवाला

एक राहिलं. किट बसवलंत तर काढलेली बेसप्लेट पॉइंट आणि कंडेन्सरसकट, ०.४० चा गाळा लावून, पिशवीत बांधून डिकीत ठेवा. सोबत एक छोटा स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज आणि टेस्टर बल्ब. खंबाटकीत मॉड्यूल गेलं तर अर्ध्या तासात पॉइंटवर येता येतं. त्यासाठी कॉइल ३ ओहमचीच ठेवा, म्हणजे ती दोन्हीला चालेल.